अडीचशेची स्प्रिंग

स्प्रिंगच्या वेटोळ्यावर पांढऱ्या शाईत आकडे छापलेले असतात: आतला व्यास, लांबी आणि शेवटी कडकपणा. समोरच्या टेबलावरच्या चारही स्प्रिंगांवर शेवटचा आकडा आहे २५०. ही स्प्रिंग एक इंच दाबायला अडीचशे पौंड लागतात. आपल्या मापात मिलिमीटरला सुमारे ४.४६ किलो. पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचं हे वर्कशॉप. वर पत्रा, कोपऱ्यात लेथ, भिंतीला टेकवलेले नळ्यांचे तुकडे आणि मधोमध लोखंडी घोड्यांवर चढवलेली, अजून रंग न लागलेली एकआसनी गाडी. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलानं नुकतीच बातमी आणली आहे, की शहरातल्या दुसऱ्या एका कॉलेजच्या गाडीला १४०च्या स्प्रिंगा आहेत.

"दादा, म्हणजे आपली गाडी त्यांच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट कडक?"

सस्पेन्शन सांभाळणारा शेवटच्या वर्षाचा दादा मान वर न करता म्हणतो, "नाही रे. दोन्ही सारख्याच."

त्याचं बरोबर आहे. स्प्रिंग चाकावर थेट बसलेली नसते. चाकाच्या आर्मपासून एक पुशरॉड निघतो, तो रॉकर नावाच्या त्रिकोणी तुकड्याला ढकलतो आणि तो तुकडा फिरून स्प्रिंग दाबतो. ही झाली तरफ. या गाडीत चाक १० मिलिमीटर वर गेलं तर स्प्रिंग ६ मिलिमीटरच दबते. तेवढ्यात तिच्यात २६.८ किलोचा जोर तयार होतो. पण तो चाकाकडे परतताना तरफ पुन्हा आडवी येते आणि त्यातलाही साठ टक्केच पोचवते. हातात उरतात १६ किलो. एकदा अंतरात घट, एकदा जोरात, म्हणून त्या गुणोत्तराचा वर्ग करायचा: ०.६ चा ०.३६. दुसऱ्या कॉलेजच्या गाडीचं गुणोत्तर ०.८, वर्ग ०.६४. तिची मिलिमीटरला अडीच किलोवाली स्प्रिंग चाकापाशी पोचते तेव्हा तिचेही १.६ किलोच होतात. स्प्रिंगवरचा आकडा एकटा वाचून गाडीबद्दल काही म्हणजे काही कळत नाही. तरी रेसगाड्यांच्या गप्पांत पहिला प्रश्न तोच असतो.

हे ०.६ मुलांनी कुठून आणलं तेही पाहण्यासारखं होतं. कॉम्प्युटरवरच्या आराखड्यात गुणोत्तर ०.६५ होतं. मग स्प्रिंग काढून नुसता डॅम्पर (शॉकअप) ठेवला, चाकाखाली जॅक लावला आणि चाक पाच-पाच मिलिमीटर उचलत दर पायरीला डॅम्परची लांबी व्हर्नियरनं मोजली. एकजण आकडा ओरडतो, दुसरा वहीत लिहितो. वहीतून निघालं ०.६. वेल्डिंगच्या उष्णतेनं रॉकरचा ब्रॅकेट किंचित ओढला गेला होता. डोळ्याला न दिसणारी चूक. पण वर्ग केल्यावर तिचा अर्थ असा, की चाकाला मिळणारा कडकपणा हिशेबापेक्षा पंधरा टक्के कमी. आराखड्यावर विसंबून स्प्रिंगा मागवणारे संघ इथेच फसतात आणि वर्षभर दोष डॅम्परला देत राहतात.

*

आपल्याकडे स्वतःच्या हातानं रेसगाडी बांधण्याची परंपरा पातळ आहे, पण मुळीच नाही असं नाही. कोइम्बतूरच्या गिरणीमालक घराण्यातल्या एस. करिवर्धन यांनी १९८०च्या दशकात मारुती ८००चं इंजिन बसवून एकआसनी गाड्या बांधल्या. 'फॉर्म्युला मारुती' म्हणून त्या गाजल्या. पुढे २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन याच गाड्यांमधून वर आला. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. त्यांचं नाव दिलेला करी मोटर स्पीडवे हा कोइम्बतूरजवळचा रेसट्रॅक आज देशभरातल्या कॉलेजांच्या मुलांना ठाऊक आहे, कारण 'फॉर्म्युला भारत' ही विद्यार्थ्यांची स्पर्धा तिथे भरते. पुण्यातल्या या गाडीलाही तिथेच जायचं आहे.

या स्पर्धेचं मूळ अमेरिकेत. टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या विद्यापीठात १९८१ साली 'फॉर्म्युला एसएई' सुरू झाली, आणि पुढे इंग्लंड, जर्मनीपासून भारतापर्यंत तिच्या शाखा फुटल्या. इंजिन ७१० सीसीपेक्षा मोठं नको. पेट्रोलवर चालणार असेल तर त्याला हवा २० मिलिमीटरच्या भोकातूनच घ्यायची. सस्पेन्शनबद्दल नियम मोजकाच बोलतो: चाकाला किमान ५० मिलिमीटर हालचाल हवी आणि चालक बसलेला असताना त्यातली किमान २५ वरच्या दिशेला शिल्लक हवी. बाकी सगळं तुमचं तुम्ही. हा पंचवीसचा आकडा लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

इंग्लंडात मात्र घरच्या गाडीचं वेड फार जुनं. कॉलिन चॅपमननं पहिली गाडी १९४८ मध्ये एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवर बांधली, तीही प्रेयसीच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये. त्यातून लोटस कंपनी उभी राहिली. १९५७ची लोटस सेव्हन सुटे भाग घेऊन घरी जोडता येत असे, आणि तशी घेतली की विक्रीकर वाचत असे. पुढे १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांनी अवघ्या २५० पौंडांत स्पोर्ट्स कार कशी बांधावी याचं पुस्तक लिहिलं. ते वाचून लोकांनी भंगारातल्या फोर्ड एस्कॉर्टचे अवयव काढून तशाच धाटणीच्या गाड्या जोडल्या आणि त्यांच्या शर्यतीही भरू लागल्या. चॅपमनबद्दल एक गोष्ट मला या लेखापुरती महत्त्वाची वाटते. त्याच्या गाड्यांच्या स्प्रिंगा मऊ असत. त्या काळच्या प्रतिस्पर्ध्यांना हे चक्रावून टाकणारं होतं, आणि आजही गॅरेजमध्ये उभं राहून कुणाला सांगितलं तर तो हसतो. कारण आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की रेसची गाडी म्हणजे दगड. बॉनेटवर हात टेकून दाबायचं, हललं नाही की 'एकदम रेसिंग' म्हणायचं.

हा समज का चुकीचा आहे हे कळायला एक हिशेब करावा लागतो. हिशेब अवघड नाही, सहसा कुणी करत नाही एवढंच.

*

गाडीचं वजन २३० किलो, चालक ७० किलो, एकूण ३००. चारही चाकांवर सारखं वाटलं तर दर चाकावर ७५. त्यातलं चाक, टायर, ब्रेक, हब यांचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं, ते जमिनीच्या मागे धावतं. ते ११ किलो धरू. स्प्रिंग ज्याला तोलते ते उरलं ६४ किलो.

आता स्प्रिंग किती कडक, हे सांगायची खरी रीत पौंडात नाही. गाडी दाबून सोडली तर सेकंदाला किती वेळा वरखाली होईल, त्या कंपनसंख्येत ती सांगायची. रोजच्या वापरातली मोटार सेकंदाला एक ते दीड वेळा डोलते. हवेचा दाब फारसा न वापरणाऱ्या हलक्या रेसगाड्या दोन ते तीनच्या दरम्यान असतात. ज्यांच्या पंखांवर हवेचा प्रचंड दाब पडतो त्या गाड्या त्याच्याही पुढे जातात, कारण वेगाबरोबर वजन वाढल्यासारखं होऊन त्या जमिनीला टेकू पाहतात. कॉलेजच्या या गाडीचा स्पर्धेतला सरासरी वेग ताशी पन्नासच्या घरात. तिला तो त्रास फारसा नाही.

या पद्धतीचा मोठा फायदा असा, की कंपनसंख्या ठरवली की गाडी स्वतःच्या वजनानं किती बसणार हे तिथेच ठरतं, गाडी कितीही जड असो. सेकंदाला एक वेळ म्हणजे चाकापाशी सुमारे २५० मिलिमीटर. दोन वेळा म्हणजे ६२. अडीच म्हणजे ४०. तीन म्हणजे २८. मुलांनी अडीच धरलं. त्यावरून चाकापाशी मिलिमीटरला १.६ किलो, आणि ०.३६ नं भागल्यावर स्प्रिंगवर २५०. असा तो आकडा आला. घोड्यांवरून गाडी उतरवली, वजनाला चालक आत बसवला आणि टेप लावला: पुढे ३९, मागे ४२. वर्कशॉपमध्ये चहा आला.

पुढचं-मागचं किंचित वेगळं ठेवण्याची कल्पना जुनी आहे. रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत कॅडिलॅककडे गेलेल्या मॉरिस ओली या ब्रिटिश इंजिनिअरनं १९३०च्या दशकात ती मांडली. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मग मागच्या. मागची बाजू थोडी भरभर डोलणारी ठेवली तर ती पुढचीला गाठते आणि गाडी नाक वरखाली न करता सपाट उठते-बसते. प्रवासी गाडीत हे सोन्यासारखं. पण पुढच्या-मागच्या चाकांत दीड मीटर अंतर असलेल्या, पन्नासच्या वेगानं शंकूंमधून वळणाऱ्या गाडीत पुढचं चाक आणि मागचं चाक यांच्यात जेमतेम एक दशांश सेकंदाचं अंतर असतं, आणि चालकाला सुख देणं हा हेतूच नसतो. बऱ्याच संघांत ओलीचा नियम पाठ असतो आणि उलटा वापरलेला असतो. दोन्ही चालतं, कारण माहीत असलं म्हणजे झालं.

*

आता खरा मुद्दा. वळणात गाडी बाहेर कलते, आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. किती जातो? गुरुत्वाच्या दीडपट जोरानं वळणारी ही गाडी घ्या. गुरुत्वमध्य जमिनीपासून ३०० मिलिमीटर, दोन चाकांमधलं अंतर १२०० मिलिमीटर. ३०० किलो गुणिले दीड, गुणिले ०.३, भागिले १.२: सुमारे ११२ किलो. बाहेरच्या दोन चाकांवर दीडशेचे २६२ होतात आणि आतल्यांवर ३८ उरतात.

या हिशेबात स्प्रिंग कुठे आहे? कुठेच नाही. उंची, रुंदी, वजन आणि वळणाचा जोर, एवढंच. स्प्रिंगा दुप्पट कडक केल्या तरी ११२. त्या काढून जागी लोखंडी नळ्या वेल्ड केल्या तरी ११२ च. गाडी कमी कलेल, डोळ्याला झकास दिसेल, आणि टायरला एक किलोही हलकं वाटणार नाही. ही गोष्ट मी अनेक जाणत्या मेकॅनिकांना सांगून पाहिली आहे; मान डोलावतात, पटत मात्र नाही. कलणं आणि भार सरकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे डोळ्यांना मान्य होत नाही.

मग स्प्रिंग बदलून काय बदलतं? ते ११२ किलो पुढच्या आणि मागच्या जोडीत कसे वाटले जातात, ते. जी बाजू कलायला जास्त विरोध करते तिच्या वाट्याला जास्त भार येतो. आणि टायर असा प्राणी आहे, की त्याच्यावर भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही. समजा ७५ किलोखाली टायर भाराच्या १.६ पट पकड देतो. दोन टायर, दोनदा ७५, मिळून २४०. आता एकावर १३१ आणि दुसऱ्यावर १९ किलो. जड टायर १.४५ पटीवर घसरला, हलका १.७ वर चढला: १९० अधिक ३२, झाले २२२. वजन तेवढंच, पण जोडीची पकड अठरानं घटली. म्हणून पुढच्या स्प्रिंगा कडक केल्या की पुढची जोडी जास्त गमावते आणि गाडी वळायचं सोडून सरळ पळू पाहते. मागच्या कडक केल्या की मागचा भाग सुटतो. स्प्रिंग निवडणं म्हणजे पुढच्या आणि मागच्या टायरांमध्ये तोट्याची वाटणी करणं. नफा कुठेच नाही.

याचा सरळ निष्कर्ष असा, की गाडीला झेपेल तितकी मऊ स्प्रिंग ठेवावी. रस्ता कधीच काचेसारखा नसतो. मऊ स्प्रिंगवरचं चाक उंचवट्यावर चढतं आणि उतरतं. कडक स्प्रिंगवरचं चाक उंचवट्यावरून उडी मारतं आणि हवेत असलेलं चाक गाडी वळवत नाही.

'झेपेल तितकी' हे मोजायचं कसं? इथे नियमातले पंचवीस मिलिमीटर येतात. अडीच कंपनांच्या या स्प्रिंगांवर दीडपट जोरानं वळताना गाडी अडीच अंशांहून थोडी जास्त कलते आणि बाहेरचं चाक सुमारे २७ मिलिमीटर आत जातं. मुलांनी जागा ठेवली आहे पंचवीसचीच. म्हणजे ऐन वळणात स्प्रिंग संपते, रबरी ठोकळ्यावर धातू टेकतो आणि ती बाजू क्षणात दगड होते. मऊ गाडी अचानक कडक होणं हे मुळात कडक असण्यापेक्षा वाईट. चालकाला वाटतं टायर सुटला, तो स्टिअरिंग सोडवतो, आणि दोष टायरवर जातो.

यातून सुटायचे दोन मार्ग. कंपनसंख्या तीनवर न्यायची, म्हणजे २५०ची ३६० करायची. चाक १९ मिलिमीटरवर थांबतं. नाहीतर २५० तशीच ठेवून अँटी-रोल बार घालायचा. ही डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी पोलादी दांडी. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर ती नुसती फिरते, काही करत नाही. एक वर आणि एक खाली गेलं तर पिळली जाते आणि विरोध करते. कलण्याशी भांडण, उंचवट्याशी नाही. मुलांमध्ये यावर बरीच जुंपली. बार म्हणजे आणखी बुश, आणखी ब्रॅकेट, दीड किलो वजन आणि आणखी एक रात्र. शेवटी बार ठरला, मुख्यतः एका कारणानं: बारला टोकाशी तीन भोकं पाडली की ट्रॅकवर पाना घेऊन पाच मिनिटांत वाटणी बदलता येते. स्प्रिंग बदलायला अर्धा तास लागतो.

*

स्प्रिंग विकत घ्यायची की करून घ्यायची? भोसरी, चाकण भागात मागणीप्रमाणे स्प्रिंग वळून देणारे कारखाने आहेत. तिथल्या काकांना नकाशा दाखवला तर ते पौंडाबिंडाच्या फंदात पडत नाहीत. तार किती, वेटोळ्याचा व्यास किती, चालू वेढे किती, एवढंच विचारतात. तेच बरोबर आहे. स्प्रिंग दाबली जाते असं आपल्याला दिसतं, पण आतली तार खरं तर पिळली जात असते. लांब सरळ दांडी गुंडाळून ठेवावी तशी. त्यामुळे कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. आठ मिलिमीटरऐवजी साडेआठची तार घेतली तर २५०ची स्प्रिंग ३२०च्या जवळ जाते. अर्धा मिलिमीटर! तारेत एक दशांशाचा फरक पडला तरी पाच टक्के गेले. सहा चालू वेढ्यांतला एक कापला तर तीनशे होते. कटरनं वेढा कापून गाडी खाली बसवणाऱ्या रस्त्यावरच्या शौकिनांना हे ठाऊक नसतं, की गाडी खाली आली तशी कडकही झाली, आणि कापलेलं टोक सपाट नसल्यामुळे स्प्रिंग आता वाकडीही दबते.

म्हणून आलेली प्रत्येक स्प्रिंग मोजायची. वर्कशॉपमधल्या हातदाबाच्या प्रेसखाली वजनकाटा, त्यावर स्प्रिंग. पहिले दहा मिलिमीटर सोडून द्यायचे, कारण टोकाचे वेढे नीट बसायला तेवढे लागतात. मग दहापासून वीसपर्यंत काट्यावरचा फरक वाचायचा. २५० ची असेल तर ४४.६ किलो यायला हवेत. टेबलावरच्या चारांपैकी तीन जवळपास तेवढ्याच निघाल्या, एक ४७ च्या जवळ. ती एकटीच पुढे उजवीकडे बसली असती तर गाडी डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरीच वळली असती. आता तिच्यावर लाल टेप आहे.

आणखी एक भ्रम इथेच निकालात काढतो. स्प्रिंगखालची कॉलर आवळली की स्प्रिंग कडक होते, असं दुचाकीवाल्यांपासून सगळे मानतात. ती कडक होत नाही. गाडी वर उचलली जाते, इतकंच. मिलिमीटरला ४.४६ किलो लागत होते, कॉलर आवळल्यावरही तेवढेच लागतात. कॉलरचा खरा उपयोग चार काट्यांवर गाडी उभी करून चारही चाकांचं वजन जुळवायला. तो दिवस कंटाळवाणा असतो आणि फार मोलाचा असतो. त्यात चालकही बसलेला हवा, कारण ३०० तले ७० त्याचे. पंचावन्न किलोच्या मुलीनंतर ऐंशी किलोचा मुलगा बसला की ही गाडी उंचीनं आणि तोलानं वेगळी होते.

*

आता डॅम्पर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत शॉकअप. सगळ्यांना याच्याबद्दलच बोलायचं असतं, कारण तो महाग असतो, सोनेरी असतो आणि त्याला फिरवायची बटणं असतात. परदेशी चांगल्या चार डॅम्परांचा संच, आयातशुल्क धरून, वापरलेल्या मोटारसायकलच्या इंजिनापेक्षा महाग पडतो.

त्याचं काम समजायला ऑफिसच्या दारावरचा डोअर क्लोजर पुरे. त्याच्यातही एक स्प्रिंग आणि तेल असतं. तेल गळून गेलं की दार धाडकन आपटतं. तेल फार घट्ट भरलं तर दार अर्ध्यात रेंगाळतं. स्प्रिंगचा जोर किती दबली यावर अवलंबून असतो, तर तेलाचा जोर किती वेगानं दबतेय यावर. गाडी स्थिर कलून वळत राहिली असेल तर डॅम्पर काहीच करत नाही. तो फक्त मधल्या काळाचा मालक: वळणात शिरताना, बाहेर पडताना, उंचवट्यावर.

सुरुवातीच्या मोटारींत हे काम एकमेकींवर घासणाऱ्या चकत्यांकडे होतं. चकती सुटेपर्यंत हलत नसे आणि सुटली की विरोध कमी होई, म्हणजे नेमकं उलटं. मग तेल आलं. तेलाची अडचण ही, की भरभर हललं की त्यात फेस होतो आणि फेसाला काही विरोध नसतो. फ्रान्समधल्या द कार्बों यांनी त्यात दाबाखालचा वायू घालून फेस रोखला. जर्मनीतल्या बिलस्टाइननं १९५७ पासून मर्सिडीजसाठी तसे डॅम्पर कारखान्यात बनवायला सुरुवात केली. आजही आतल्या पिस्टनवर पातळ पोलादी चकत्यांची थप्पी असते. तेलाच्या दाबानं त्या वाकतात आणि वाट देतात. कुठली चकती कितव्या क्रमांकावर, यावर डॅम्परचा सगळा स्वभाव. महाराष्ट्राचा या धंद्याशी संबंध जुना: गॅब्रिएल इंडिया १९६१ मध्ये मुलुंडला सुरू झाली, आणि वाळूज-चाकण पट्ट्यात दुचाक्यांचे शॉकअप आजही मोठ्या प्रमाणावर बनतात. पण ते शहरातल्या खड्ड्यांसाठी. दर चाकाला ६४ किलो तोलणाऱ्या या गाडीसाठी त्यांतला एकही थेट चालत नाही.

म्हणून बहुतेक कॉलेजं डोंगरात चालवायच्या सायकलींचे मागचे शॉकअप घेतात. आकारानं बसतात, वजनाला हलके, परवडतात. त्यातली एक खोच सहसा लक्षात येत नाही. त्या सायकलींमध्ये चाक जितकं हलतं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास शॉकअप हलतो, म्हणून त्याचं तेल हळू हालचालीला आणि कडक स्प्रिंगला जुळवलेलं असतं. ०.८ गुणोत्तराच्या गाडीत तो अतिघट्ट वागतो, ०.६ च्या गाडीत बरा. आमच्या दादानं रॉकर लहान ठेवण्यामागे हेही एक कारण होतं.

किती तेलाचा विरोध हवा? गाडी एका दमात परत जागेवर येऊन अजिबात न डोलण्याला जेवढा लागतो, त्याच्या साधारण पासष्ट टक्के. रोजच्या मोटारीत पंचवीस-तीस टक्क्यांवर भागवतात, कारण तिथे सुख हवं असतं. या गाडीसाठी हिशेब असा निघतो, की डॅम्पर उभा टांगून त्यावर १० किलो लटकवले तर तो ५० मिलिमीटर जायला दोनपेक्षा किंचित कमी सेकंद घेईल. आतला वायू रॉडला बाहेर ढकलत असतो, तो आधी मोजून वजा करायचा. लाखोंचं यंत्र नाही, म्हणून मुलांनी हेच केलं: छताच्या अँगलला डॅम्पर, खाली जिममधली वजनं, मोबाइलचा कॅमेरा मंदगतीत. चारपैकी दोन डॅम्पर एकाच खाचेवर ठेवूनही वेगळे वागले. बटणाच्या टिकटिकीवर विश्वास ठेवणारा संघ पुढे डावा-उजवा फरक शोधत बसला असता.

बटणांबद्दल माझं स्पष्ट मत आहे: नवख्या हातात ती धोकादायक असतात. गाडी उड्या मारते म्हणून परतीचा विरोध वाढवतात. विरोध इतका वाढतो, की एका उंचवट्यानंतर स्प्रिंग पूर्ण उघडायच्या आत दुसरा येतो, मग तिसरा, आणि गाडी पायरीपायरीनं खाली बसत जाऊन शेवटी ठोकळ्यावर टेकते. चालक म्हणतो स्प्रिंग मऊ आहे. स्प्रिंग बदलतात. आजार तसाच राहतो.

*

कॉलेजच्या मागच्या पार्किंगमध्ये रविवारी शंकू मांडले होते. स्पर्धेतल्या इंग्रजी आठच्या आकड्याचं आतलं वर्तुळ १५.२५ मीटर व्यासाचं, रुंदी तीन मीटर. चांगली गाडी एक फेरी पाच सेकंदांच्या आसपास घेते. डांबर खरबरीत होतं, वेळ साडेपाचच्या आत येत नव्हती. प्रत्येक डॅम्परच्या रॉडवर एक प्लास्टिकची केबल टाय सैलसर आवळलेली. रॉड आत गेला की ती सरकते आणि तिथेच थांबते. जगातलं सर्वांत स्वस्त मोजमाप. अँटी-रोल बार अजून जोडलेला नव्हता. फेऱ्यांनंतर पुढच्या बाहेरच्या डॅम्परवर ती साडेतेरा मिलिमीटर सरकलेली. सोळापर्यंत गेली तरी चाललं असतं असं कुणी म्हणालं, पण जागाच पंधराची. मग शंकू सरळ रेषेत लावून वळणात शिरताना ब्रेक मारायला सांगितलं. टाय रबराला चिकटून बसली. चालक हेल्मेट काढत म्हणाला, "पुढचं ढकलतंय, पण सारखं नाही. मध्येच."

"मध्येच" ऐकून दादा पहिल्यांदा हसला. हिशेबातलं सत्तावीस मिलिमीटर त्याला पार्किंगमध्ये भेटलं होतं.

दुपारनंतर बार जोडला. पुढे मधलं भोक, मागे सर्वांत मऊ. टाय अकरावर थांबली आणि ढकलणं सलग झालं. सलग दोष म्हणजे दुरुस्त होणारा दोष. पुढे एक भोक मऊ केल्यावर गाडी वळायला लागली. डॅम्परच्या बटणांना दिवसभरात कुणी हात लावला नाही.

संध्याकाळी पैशाचा विषय निघाला. एका माजी विद्यार्थ्यानं देऊ केलेल्या रकमेत परदेशी डॅम्परांची पुढची एक जोडी येत होती. बराच वेळ कुणी काही बोललं नाही, कारण सोनेरी डॅम्पर सगळ्यांना हवा असतो. डिझाइनच्या दीडशे गुणांत परीक्षक काय विचारतात, हे मग एका मुलीनं बोलून दाखवलं: हीच स्प्रिंग का? मोजली कशी? बदललीत तर गाडी काय करते? तिसऱ्या प्रश्नाला आत्ता उत्तर नाही, कारण बदलायला दुसऱ्या स्प्रिंगाच नाहीत. शेवटी ठरलं ते असं: पुढे-मागे मिळून २२५ च्या चार आणि २७५ च्या चार स्प्रिंगा भोसरीत वळून घ्यायच्या, लाल टेपवालीच्या जागी एक नवी २५० ची, बारसाठी एक मिलिमीटर जास्त जाडीची दुसरी दांडी आणि उरलेल्या पैशांत सरावाच्या टायरांचा एक संच. तारेच्या जाडीत सूट किती द्यायची यावर मात्र काकांशी उद्या फोनवर घासाघीस होणार आहे. दादाला शतांश मिलिमीटरमध्ये बोलायचं आहे, आणि काका म्हणणार आहेत की बाजारात तार जशी येते तशी येते, काटा तुमच्याकडे आहे, मोजून घ्या.